घरपट्टीतील शिक्षण कर नेमका कोणत्या शाळेसाठी?

प्रश्न : आमचे गाव काही वर्षांपूर्वी महापालिकेत समाविष्ट झाले. ग्रामपंचायतीच्या काळात शेकड्यांत असलेली घरपट्टी आता हजारांत गेली आहे आणि बिलात महापालिकेचा शिक्षण कर व राज्याचा शिक्षण कर अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात. आमच्या सोसायटीच्या सभेत यावरून बराच वाद झाला. बहुतेक सभासदांची मुले खासगी शाळांत जातात, काही सभासद निवृत्त आहेत. त्यामुळे शिक्षणाच्या या दोन्ही रकमा वजा करूनच बिल भरावे, असा ठराव मांडला गेला आहे. तो संमत करावा का?
— समाविष्ट गावातील एक वाचक

उत्तर : करू नये. मालमत्ता कराच्या बिलातील एखादे शीर्ष आपल्या मर्जीने वगळता येत नाही. न भरलेली रक्कम थकबाकी ठरते आणि महापालिका अधिनियमानुसार तिच्यावर दरमहा 2 टक्के शास्ती चढत जाते. आकारणीत चूक असेल, म्हणजे क्षेत्रफळ जास्त धरले असेल किंवा निवासी सदनिका बिगरनिवासी दाखवली असेल, तर हरकत जरूर नोंदवावी. मात्र प्रकरण पुढे न्यायालयात अपिलापर्यंत गेले, तर वादातील रक्कम आधी भरावी लागते, हेही सभेला सांगावे.

आता त्या दोन ओळींविषयी. महापालिकेचा शिक्षण कर महापालिकेच्याच तिजोरीत राहतो. राज्याचा शिक्षण कर 1962 च्या राज्य कायद्याने बसवलेला आहे. तो वसूल करण्याचे काम महापालिका करते, पण ती रक्कम राज्य शासनाकडे, राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते. आपल्या प्रभागातील शाळेचे छत गळत असेल, तर या दुसऱ्या ओळीतील पैशावर त्या शाळेचा थेट हक्क नसतो. बिलावर ‘शिक्षण’ हा शब्द दोनदा छापलेला असल्यामुळे आपण शाळेसाठी दुप्पट देतो, असा समज होतो आणि सभांमधला निम्मा राग या समजातून येतो. शासनाकडून पैसा शिक्षणासाठी परत येतोच, पण तो अनुदानाच्या वाटेने. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांचे वेतन राज्याच्या अनुदानातून होते, तर महापालिकांच्या बाबतीत शासन साधारणतः निम्मा भार उचलते आणि उरलेला महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून उचलायचा असतो. म्हणून गाव शहरात गेले की शाळेच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक करदात्यावर येतो. ही गोष्ट गाव समाविष्ट करतेवेळी कोणी फारशी सांगत नाही.

राज्याच्या कराचे दर मालमत्तेच्या वार्षिक मूल्याच्या टप्प्यांनुसार आहेत आणि वार्षिक मूल्य 6000 रुपयांच्या वर गेले की निवासी मालमत्तेला 6 टक्के व बिगरनिवासी मालमत्तेला 12 टक्के हा सर्वांत वरचा दर लागतो. हे टप्पे ठरले तेव्हा वर्षाला 6000 रुपये भाडे येऊ शकेल असे घर श्रीमंताचे समजले जाई. आज शहरातील साधी दोन खोल्यांची सदनिकाही या रेषेच्या वर जाते. कराचा दर कोणी वाढवला नाही, तरी जवळजवळ प्रत्येक जण वरच्या टप्प्यात ढकलला गेला. सोसायटीला ठरावच करायचा असेल, तर हे टप्पे आजच्या भाड्यांशी जुळवून घ्यावेत, अशी मागणी शासनाकडे करणारा ठराव अधिक सयुक्तिक ठरेल.

घरपट्टी एकदम वाढल्याची तक्रार मात्र खरी आहे आणि ती केवळ आपल्या गावाची नाही. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावे आली. अशा गावांत पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने आणि पुढे दरवर्षी 20 टक्क्यांच्या टप्प्याने शहराच्या दरापर्यंत जावे, अशी व्यवस्था होती. कागदावर ती सौम्य दिसते. प्रत्यक्षात नळाला पाणी व रस्त्याला डांबर येण्यापूर्वीच बिल शहराचे झाले, म्हणून असंतोष वाढला. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे अखेर महापालिकेतून बाहेर काढून 2024 मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली, त्यामागे कराचा वाद हे एक मोठे कारण होते. त्यातच पुण्यासह बहुतेक मोठ्या महापालिकांची मुदत 2022 मध्ये संपल्यानंतर निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि अंदाजपत्रके प्रशासकांनी मंजूर केली. कर वाढतो आहे आणि जाब विचारायला नगरसेवकच नाही, अशी ती अवस्था होती. लोक चिडले यात आश्चर्य नाही.

परंतु ‘आमची मुले त्या शाळेत नाहीत’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. कर म्हणजे शाळेची फी नव्हे. आपल्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या बाईंची, सुरक्षारक्षकाची, शेजारच्या बांधकामावरील मजुराची मुले ज्या शाळेत जातात, ती शाळा चालवणे 6 ते 14 वयोगटाच्या शिक्षणाच्या हक्काखाली स्थानिक संस्थेवर बंधनकारक आहे. हा हक्क 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे. शिवाय करदात्याचा पैसा खासगी शाळांतही जातोच. विनाअनुदानित शाळांतील 25 टक्के राखीव प्रवेशांची फी शासन भरते. महाराष्ट्रात त्यासाठी प्रतिविद्यार्थी वर्षाला 17,670 रुपयांची मर्यादा ठरलेली आहे आणि ती रक्कम वेळेवर मिळत नाही, अशी संस्थाचालकांची कायमची तक्रार असते.

पैशाची सबब पुढे करून शाळेवरचा खर्च आखडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. 1918 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली, तेव्हा पुण्यात नेमका हाच वाद पेटला. निधी अपुरा आहे, तेव्हा सक्ती आधी मुलग्यांपुरती करावी, असे टिळकपक्षीय म्हणत होते. 1920 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी मुलींनाही सक्ती लागू करा म्हणून नगरपालिकेवर मोर्चा नेला. निधी कमी होता हे खरेच; प्रश्न एवढाच होता की कमी पडलेल्या निधीची झळ कोणाच्या मुलांनी सोसायची.

म्हणून सोसायटीने बिल पूर्ण भरावे आणि हिशेब मागावा. महापालिकेच्या अंदाजपत्रकात प्राथमिक शिक्षणाचे स्वतंत्र शीर्ष असते. शिक्षण कराची वर्षभरातील एकूण वसुली किती, त्यातील किती रक्कम वेतनावर आणि किती इमारत, स्वच्छतागृहे व दुरुस्तीवर गेली, आणि आपल्या प्रभागातील शाळेच्या वाट्याला काय आले, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. अर्ज एकाने करण्यापेक्षा परिसरातील दहा-बारा सोसायट्यांनी आपापल्या नावाने केला, तर उत्तर लवकर येते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतील व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. पूर्वी रंगकाम, वर्गातील लिहिण्याचे फळे, पंखे यांसाठी गावातून लोकवर्गणी निघत असे. घरपट्टी वाढल्यापासून ‘कर भरतो, मग वर्गणी कशाला’ असे ग्रामस्थ म्हणतात. आम्ही त्यांना काय सांगावे?
— एक पालक

उत्तर : ताई, त्यांचे म्हणणे चुकीचे आहे, असे सांगू नका, कारण ते चुकीचे नाही. वर्गणी ऐच्छिक असते आणि शिक्षणाच्या हक्कानंतर शाळेची मूलभूत सोय हे लोकांच्या औदार्यावर सोडण्याचे काम राहिलेले नाही. समग्र शिक्षा योजनेतून प्रत्येक शाळेला पटानुसार वार्षिक अनुदान मिळते: 30 पर्यंत पट असल्यास 10,000 रुपये, 31 ते 100 पटाला 25,000 रुपये, 101 ते 250 पटाला 50,000 रुपये. लहान शाळेचे वीजबिल, खडू, डागडुजी या सगळ्याला 10,000 रुपये पुरत नाहीत, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. म्हणूनच आपल्या समितीच्या हातात असलेले साधन वापरा. कायद्याने समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे समितीचेच काम आहे. तो आराखडा मुख्याध्यापकांनी भरलेला नमुना म्हणून सही करून परत देऊ नका. त्यात प्रत्येक गरजेसमोर अंदाजित खर्च लिहा, तो ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ग्रामपंचायतीच्या व जिल्हा परिषदेच्या नियोजनाकडे पाठवा. शाळेच्या खात्यात काय आले आणि कशावर गेले, हे फळ्यावर लावले, तर काही ग्रामस्थ स्वतःहून मदतीला येतीलही. अनेक गावांत असे होते. पण ती मदत ग्रंथालय किंवा खेळाच्या साहित्यासाठी घ्या, स्वच्छतागृहासाठी नको. एकदा वर्गणीतून स्वच्छतागृह झाले की पुढच्या वर्षी त्याची तरतूद कोणी करत नाही.

प्रश्न : मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. मग महापालिकेच्या शाळांचा पैसा कमी होत नाही का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : त्या घरांकडून येणारा शिक्षण कर थांबतो, हे खरे. 2019 मध्ये माफी जाहीर झाली ती केवळ सर्वसाधारण कराची होती आणि शिक्षण उपकरासह बाकीची शीर्षे बिलात राहिली, त्यामुळे लोकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले; 1 जानेवारी 2022 पासून ती माफी संपूर्ण करण्यात आली. मुंबईच्या शाळा केवळ या एका करावर चालत नाहीत. त्यांच्यासाठी महापालिकेच्या सर्वसाधारण उत्पन्नातूनही तरतूद होते. माफीमुळे आलेली तूट कोणत्या शीर्षातून भरून काढली, हे विचारण्याचा अधिकार माफी मिळालेल्या नागरिकालाही आहे आणि बहुधा त्याचेच मूल त्या शाळेत असते.