लाईट गेली-आली की पोस्टग्रेस आपोआप सुरू करायची स्क्रिप्ट कशी लिहावी?

देवगडला आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्यावर चालणारी बिलिंगची सर्व्हिस आहे, वळवाच्या पावसात लाईट गेली की सगळं हाताने उठवावं लागतं, आणि क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) रीबूट ओळीत टाकलेली स्क्रिप्ट कधी चालते कधी नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

मुळात डेटाबेस सुरू करणं हे तुमच्या स्क्रिप्टचं काम ठेवूच नका. ते सिस्टिमडी करतं, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्या सर्व्हिस उठवणारा उबुंटूचा भाग. स्क्रिप्टने फक्त थांबायचं, खात्री करायची आणि पुढची कामं उरकायची. क्रॉन कुणासाठी थांबत नाही, म्हणून तुमचा हा लहरी प्रकार.

उबुंटूवर 'पोस्टग्रेसक्यूएल' या सर्व्हिसचं स्टेटस पाहून फसू नका. ती नुसती पाटी आहे. आतला सर्व्हर बंद असला तरी ती 'ॲक्टिव्ह' दिसू शकते. खरी सर्व्हिस व्हर्जन आणि क्लस्टरच्या (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसच्या संचाच्या) नावाची असते, उदाहरणार्थ '16-मेन'. बिलिंगच्या सर्व्हिसच्या फाईलमध्ये 'आफ्टर' (हिच्यानंतर सुरू हो) आणि 'वॉन्ट्स' (हिलाही उठव) या ओळी तिच्याच नावाने लिहा.

तेवढ्यानेही भागत नाही. अचानक लाईट गेल्यावर पोस्टग्रेस शेवटच्या चेकपॉइंटपासूनचा (डेटा डिस्कवर पक्का उतरल्याच्या खुणेपासूनचा) बदलांचा लॉग पुन्हा चालवतो, म्हणजे रिकव्हरी करतो, आणि तोवर कनेक्शन नाकारतो. सर्व्हर सुरू करणारी पीजी-सीटीएल कमांड साधारणपणे 60 सेकंद वाट पाहून परतते, रिकव्हरी मात्र मागे चालूच असते. म्हणून स्क्रिप्टमध्ये दर 2 सेकंदांनी पीजी-इजरेडी ही सर्व्हर तयार आहे का ते सांगणारी कमांड चालवा. एक्झिट कोड 0 म्हणजे तयार, 1 म्हणजे सर्व्हर उठतोय, 2 म्हणजे उत्तरच नाही. मर्यादा 150 फेऱ्यांची, म्हणजे 5 मिनिटं. हा लूप बिलिंगच्या सर्व्हिसच्या 'एक्झेकस्टार्टप्री'मध्ये (सुरू होण्याआधी चालणाऱ्या ओळीत) टाकणार असाल तर 'टाइमआउटस्टार्टसेक', म्हणजे सुरू व्हायची मुदत, 360 सेकंद करा. नाहीतर सिस्टिमडी मूळच्या 90 सेकंदांनंतर तो लूप मारून टाकतं आणि दोष डेटाबेसवर येतो.

नेटवर मिळणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्ट पहिल्याच ओळीत पोस्टमास्टर-पीआयडी फाईल (सर्व्हर चालू असल्याची खूण) उडवतात. हे कधीही करू नका. जुनी फाईल निरुपयोगी आहे की नाही हे पोस्टग्रेस स्वतः तपासतो. जुना सर्व्हर जिवंत असताना ती फाईल गेली, तर एकाच डेटावर दोन सर्व्हर बसू शकतात, मग बॅकअप शोधत बसा.

पोस्टग्रेसच्या सेटिंग्ज मूळ फाईलमध्ये सेडने (मजकूर बदलणाऱ्या कमांडने) बदलत बसू नका. कॉन्फ-डी फोल्डरमध्ये स्वतःची एक फाईल ठेवा. 8 जीबी रॅमवर शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसने डेटासाठी राखलेली मेमरी) 2 जीबी पुरे. बदल केल्यावर पीजी-फाइल-सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये एरर आहे का बघा, मगच रीलोड. शेअर्ड बफर्ससाठी रीस्टार्टच लागतो. रीलोडनंतर पीजी-सेटिंग्जमधला पेंडिंग-रीस्टार्ट कॉलम ते सांगतो. तरीही सेटिंगची किंमत (व्हॅल्यू) बदलत नसेल, तर कुणीतरी आधी 'अल्टर सिस्टिम' ही सेटिंग बदलणारी कमांड चालवलेली असू शकते. तिची ऑटो-कॉन्फ फाईल सगळ्यात शेवटी वाचली जाते, त्यामुळे तिचीच किंमत लागू होते.

एसक्यूएल फाईल चालवताना पीएसक्यूएलला (पोस्टग्रेसला कमांड देणाऱ्या प्रोग्रॅमला) 'ऑन-एरर-स्टॉप' 1 द्या. नाहीतर मधली ओळ पडली तरी तो पुढे जातो, शेवटी 0 परत करतो आणि स्क्रिप्टला सगळं ठीक वाटतं. 'क्रिएट डेटाबेस'ला 'इफ नॉट एक्झिस्ट्स' चालत नाही. आधी पीजी-डेटाबेस या यादीच्या टेबलमध्ये नाव शोधा. पासवर्ड पीजीपास फाईलमध्ये, परवानगी 0600, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी. ती सैल असली तर फाईल दुर्लक्षित होते.

आणि एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का लिहिल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद करून वेग वाढवायचा सल्ला कुणी दिला, तर कोकणातल्या लाईटवर तो अजिबात ऐकू नका. त्यापेक्षा यूपीएसची यूएसबी केबल मशीनला जोडा आणि यूपीएसवर लक्ष ठेवणारं नट (नेटवर्क यूपीएस टूल्स) हे सॉफ्टवेअर बसवा. बॅटरी संपत आली की ते मशीन नीट बंद करतं, मग रिकव्हरीची वेळच येत नाही.