ताडोबासाठी झूम कॅमेरा घेताय?

आधी झूमचा आकडा विसरा, सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) बघा, तो मोठा हवा. निकॉन पी९५० चा झूम २००० मिमीपर्यंत जातो (मिमी जितके जास्त, तितकं दूरचं जवळ दिसतं), पण सेन्सर लहान, १/२.३ इंची, आणि त्या टोकाला अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, एफ/६.५ (एफचा आकडा मोठा, तितका प्रकाश कमी). सकाळी गेट उघडतं तेव्हाच्या उजेडात फोटोला दाणे येणारच. सोनी आरएक्स१० मार्क ४ ला १ इंची सेन्सर, ६०० मिमीला एफ/४. वजन साधारण १.१ किलो. महाग आहे, सेकंडहँड चालेल. घेताना पूर्ण झूम करून लेन्स बाहेर आणा आणि आत धूळ आहे का, टॉर्च मारून बघा. बजेट कमी असेल तर पॅनासोनिक एफझेड१००० मार्क २, ८०० ग्रॅमच्या आसपास, पण ४०० मिमीवर थांबतो. वाघाला पुरतो, पक्ष्यांना तोकडा.

डिजिटल झूम (फोटो नुसता कापून मोठा करणारा) बंदच ठेवा. चालत्या वाघाला शटरचा वेग किमान १/५०० सेकंद, उडत्या पक्ष्याला १/१६००. ऑटो आयएसओची (कॅमेरा आपोआप वाढवतो ती प्रकाश-संवेदनशीलता) मर्यादा ३२००. ट्रायपॉड जिप्सीत निरुपयोगी. कापडी पिशवीत दोन किलो मूग भरा, जिप्सीच्या कठड्यावर ठेवा, तिच्यावर कॅमेरा टेका आणि ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथरीने सगळं हलतं. जादा बॅटरी हवीच.

सराव पुण्याजवळ कवडीपाटला, पक्षी बघायच्या जागी, करा, पहाटे.