गून म्हणजे गुंड का?

प्रश्न असा आला आहे : 'द गून शो' या बीबीसीच्या जुन्या विनोदी रेडिओ मालिकेतला, लोकांवर पुडिंग भिरकावणाऱ्या माणसाचा भाग ऐकला. मालिकेचा लेखक स्पाइक मिलिगन अहमदनगरला जन्मला, पुण्यात वाढला. मग 'गून' हा शब्द त्याने आपल्या 'गुंड'वरूनच नेला असणार ना? आणि त्या भागाच्या नावाचं मराठी काय करावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. ते देताना मलाही जरा जड जातंय, कारण जन्माची गोष्ट अगदी खरी आहे. १६ एप्रिल १९१८ रोजी मिलिगन नगरमध्येच जन्मला (गावाचं नाव आता अहिल्यानगर). वडील आयरिश, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात. बालपणाची काही वर्षं पुण्याच्या लष्कर भागात, मग रंगून आणि तिथून इंग्लंड. हिंदुस्तानी त्याच्या कानावर लहानपणापासून होती. शिवाय 'ठग' आणि 'लूट' हे शब्द इंग्रजांनी उचललेच आहेत, मग 'गुंड'ने काय घोडं मारलंय, असं वाटणं साहजिक आहे.

पण 'ठग' इंग्रजीत गेला त्याचा माग कागदोपत्री काढता येतो. 'गुंडा'चाही येतो. इंग्रजीत तो 'गूंडा' म्हणूनच गेला, ड सकट. कलकत्त्यात १९२३ साली गुंडांना शहराबाहेर घालवण्याचा कायदा झाला, त्याच्या इंग्रजी नावातही 'गूंडा' आहे. मधला ड गाळून, ऱ्हस्व उ दीर्घ करून 'गून' बनवला असा एखादा तरी पुरावा मिळायला हवा होता. तो मिळत नाही. उलट 'गून'ची स्वतःची कुंडली वेगळीच आहे, आणि तीही चांगली मजेदार.

इंग्रजी बोलींमध्ये 'गूनी', 'गोनी' असे शब्द बावळट माणसासाठी सोळाव्या शतकापासून सापडतात. खलाशी अल्बट्रॉस पक्ष्याला 'गूनी' म्हणत, कारण जमिनीवर उतरताना तो पक्षी भलताच धांदरट दिसतो. १९२१ साली फ्रेडरिक लुईस ॲलन या अमेरिकन लेखकाने एका मासिकात 'गून आणि त्याची शैली' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. त्याचा गून म्हणजे जड हाताचा, रुक्ष माणूस. पानंच्या पानं लिहितो, पण वाक्याला मीठ म्हणून नाही. असे गून आपल्याकडेही बख्खळ आहेत, ते असो.

मग १९३३ साली पॉपायच्या चित्रमालिकेत ई. सी. सीगरने 'गून' नावाचे प्राणी आणले. धिप्पाड, टकले, भलं मोठं नाक, हातापायांवर केसांचं रान. त्यातली ॲलिस द गून पुढे प्रसिद्ध झाली. आपल्या कार्यक्रमाचं नाव कुठून आलं हे मिलिगनने स्वतःच सांगितलं आहे : पॉपायच्या या गूनांवरून. म्हणजे नगर-पुण्याचा पोरगा शब्द उचलतो तो अमेरिकन कॉमिक्समधून. इथेच खरं तर वाद मिटायला हवा.

तरी शंका उरत असेल तर त्या काळच्या ब्रिटिश माणसाला 'गून' म्हटल्यावर काय आठवायचं ते बघा. एनिड ब्लायटनच्या पाच शोधकांच्या गोष्टी तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी वाचल्या असतील. त्यातला मुलांवर सतत खेकसणारा, जाडजूड, प्रत्येक वेळी चुकीच्या माणसाच्या मागे लागणारा पोलीस आठवतो? त्याचं आडनाव गून. ती मालिका १९४३ साली सुरू झाली. गून म्हणजे गुंड असता तर पोलिसाला ते आडनाव देणं हा फार कडवट विनोद झाला असता, आणि ब्लायटनबाई तसल्या नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावण्यांत कैद झालेले ब्रिटिश वैमानिक पहारेकऱ्यांना गून म्हणत, आणि त्यांच्या टेहळणीच्या मनोऱ्याला 'गूनची पेटी'. तिथेही रोख पहारेकऱ्याच्या मठ्ठपणावरच.

सगळ्यात बोलका पुरावा खुद्द बीबीसीने दिला आहे. २८ मे १९५१ रोजी मालिका सुरू झाली तेव्हा 'गून' हे नाव वरिष्ठांना पटलं नव्हतं, म्हणून ती 'क्रेझी पीपल', म्हणजे 'येडपट माणसं', या नावाने लागली. १९५२च्या दुसऱ्या पर्वापासून 'द गून शो' झाली. एका साहेबाने 'गून'चं इंग्रजी स्पेलिंग मधे तोडून 'हा गो ऑन शो काय प्रकार आहे?' असं विचारल्याचा किस्साही सांगतात. थोडक्यात, मराठीत 'गून'ला येडपट, येडबंबू, ठोंब्या यांपैकी काहीही म्हणा. मला 'येडबंबू' आवडतो, कारण त्यात शिवी कमी आणि लाड जास्त आहे.

आता तुम्ही ऐकलेल्या भागाकडे येऊ, कारण तोही हेच सांगतो. १२ ऑक्टोबर १९५४चा हा भाग. काळ १९४१चा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बेक्सहिल, समोर फ्रान्स, तिथे जर्मन सैन्य, आणि गावात ब्लॅकआउट. (मिलिगन युद्धाच्या सुरुवातीला तोफखान्यात होता आणि त्याची तुकडी खरोखरच बेक्सहिलला होती. गावाचं नाव उगाच आलेलं नाही.) अशा मिट्ट काळोखात हेन्री क्रन आणि मिनी बॅनिस्टर हे म्हातारं जोडपं फिरायला निघतं आणि मिनीबाईंवर कुठूनतरी एक पुडिंग येऊन आदळतं. तपासाला नेमणूक होते नेडी सीगूनची.

या आडनावाकडे जरा बघा. नेडीचं काम करणारा वेल्श नट हॅरी सीकम. 'सीकम'चं 'सीगून' केलं, म्हणजे नटाच्या आडनावात कार्यक्रमाचं नाव बसवून टाकलं. काळोखात म्हाताऱ्या बाईवर पुडिंग मारणं ही आपल्या अर्थाने गुंडगिरीच. पण या गोष्टीत 'गून' हे आडनाव गुन्हेगाराला नाही, त्याचा पाठलाग करणाऱ्या भोळ्या, कुणाच्याही बोलण्याला भुलणाऱ्या तपासनीसाला आहे. गून म्हणजे गुंड मानलं तर सगळी गोष्टच उलटी होते.

मग मिलिगनच्या लेखनात हिंदुस्थान नाहीच का? आहे की, पण दुसरीकडे शोधायला हवा. लष्करी बाणा आणि करी खाऊन होणारी पोटातली स्फोटक उलथापालथ मिरवणारा याच मालिकेतला मेजर ब्लडनॉक बघा. किंवा लालकाका आणि बॅनर्जी ही जोडी. 'लालकाका' हे पारशी आडनाव. लंडनमध्ये बसून कुणाला ते आपणहून सुचणार नाही, ते पुण्या-मुंबईकडच्या कानालाच सुचतं. नगरकरांना अभिमान बाळगायचाच असेल तर 'गून'पेक्षा या लालकाकाचा बाळगावा.

'गुंड'बद्दलही थोडं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. मराठीत हा शब्द नेहमीच बदनाम नव्हता. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांना लोक गुंडम राऊळ म्हणत. गुंडोपंत, गुंडाजी ही नावं आपल्या घराण्यांत होती, गुंड हे आडनाव तर आजही आहे. सदऱ्याची गुंडी, दगडगुंडा, गुंडाळी हे शब्द गोल-गोल फिरतात. त्यांचा आणि दांडगटाचा संबंध कसा लावायचा हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे.

तुमचा कान अगदीच चुकलेला नाही, हेही मान्य करतो. अमेरिकेत १९३०च्या दशकात संप मोडायला पाठवलेल्या भाडोत्री दांडगटांना 'गून' म्हणू लागले. आज आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत मथळ्यांमध्ये 'गून्स' येतं, ते वाचणारा माणूस मनात 'गुंड'च वाचतो, आणि बहुधा लिहिणाऱ्याच्याही मनात तोच असतो. म्हणजे दोन वेगळ्या घरांतले शब्द भारतात येऊन एका ताटात जेवायला बसले. पण ही पंगत इथली. १९५१च्या लंडनमध्ये ती वाढलेली नव्हती.

राहिलं नाव. मूळ नावात 'बेक्सहिल-ऑन-सीचा, ज्याची दहशत आहे असा, बॅटर पुडिंग भिरकावणारा' इतका सगळा ऐवज आहे. विनोद आहे तो 'दहशत' आणि 'पुडिंग' शेजारी बसण्यात. 'पुडिंगफेक्या' चटकन सुचतं, दगडफेकीच्या चालीवर. पण 'फेकणे' म्हटलं की आपल्याला थापाही आठवतात, आणि हा गडी थापाड्या नव्हे. म्हणून मी म्हणेन : 'बेक्सहिलचा महाभयंकर पुडिंगभिरकाव्या'. जीभ अडखळते, पण मूळ नावातही ती अडखळतेच.

'पुडिंग' मात्र तसंच ठेवा. आपल्याला त्यावरून कॅरॅमलचं गोड, थुलथुलीत पुडिंग आठवतं. हे तसं नाही. मैदा, अंडी आणि दूध यांचं पातळ पीठ भट्टीत भाजून फुगवलेला, बिनगोडाचा पदार्थ. कुणी म्हणेल, मग 'धिरडं' का नको? भागाच्या शेवटी नेडी समुद्रात नावेत अडकलेला असतो. खायला काही नाही, हाताशी फक्त पुरावा म्हणून जपलेलं एक पुडिंग. ते खाऊन जगावं की न्यायासाठी न खाता मरावं, असा पेच निवेदक श्रोत्यांपुढे टाकतो. (आणि मग ज्यांना गोड शेवट हवा असेल त्यांच्यासाठी भलत्याच दोघांत लग्नाची मागणी घालून टाकतात.) धिरडं घातलं तर हा पेचच उरत नाही. दोन तासांत ते इतकं चिवट होतं की खायचा मोह व्हायला नको.