मिसेस ११ महिन्यांच्या ऑर्डरवर, जॉइंट होम लोनसाठी मोठ्या भावाची सही घ्यायची का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बडोद्यात मांजलपूरला ४८ लाखांचा फ्लॅट बघितलाय, तुमची नोकरी कायम, मिसेस ६ वर्षं कॉलेजात ११-११ महिन्यांच्या ऑर्डरवर शिकवतायत, बँक त्यांचा पगार धरत नाही, आणि एजंट म्हणतो मोठ्या भावाला को-अ‍ॅप्लिकंट करा, नुसती सही लागते.

नुसती सही असं काही नसतं हो. को-अ‍ॅप्लिकंट झाला की तो को-बॉरोअर, म्हणजे पूर्ण कर्जाचा देणेकरी, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ४३ प्रमाणे बँक तिघांपैकी कुणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकते, "माझा हिस्सा एवढाच" हे तिथे चालत नाही. दादांचं नाव दस्तावेजात (खरेदीखतात) नाही म्हणजे घरावर हक्क नाही, व्याजाची टॅक्स सूट नाही, पण सिबिलमध्ये लोन दिसणार आणि उद्या मुलांच्या शिक्षणाला लोन काढायला गेले की हेच आडवं येणार. मधेच नाव काढायचं तर बँक राजी हवी, तुम्ही भावाभावांनी आपसात ठरवून उपयोग नाही. वहिनींना हे सगळं सांगितलंय का? नाहीतर पुढे दरवर्षी दिवाळीत हाच विषय निघेल.

त्यापेक्षा मिसेसची फाइल नीट लावा. सहाही वर्षांच्या ऑर्डरी, तीन वर्षांचे रिटर्न, पगार जमा होतो त्या खात्याचं स्टेटमेंट, आणि मधल्या ब्रेकबद्दल कॉलेजचं पत्र. टीडीएस पगार म्हणून कापतात की प्रोफेशनल फी म्हणून ते बघा, फी असेल तर स्वयंरोजगारवाल्यांच्या नियमाने अर्ज करावा लागेल. एका बँकेने नाही म्हटलं तर दुसरीकडे विचारा, प्रत्येकीचे नियम वेगळे. कॉलेजातल्या ओळखीने "परमनंट" असं पत्र मात्र अजिबात आणू नका, ती सरळ फसवणूक आहे, केस होऊ शकते. आणि ६ वर्षं रिन्यूअल झालं म्हणजे कायमच, हेही डोक्यातून काढा, सरकारी नोकरीबाबत सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये उमादेवी केसमध्ये स्पष्ट केलंय की नुसत्या रिन्यूअलने कुणी कायम होत नाही.

माझं मत विचाराल तर लोन तुमच्या एकट्याच्या पगारातून हप्ता निघेल एवढंच घ्या. ऑर्डर रिन्यू झाली नाही आणि हप्ते ९० दिवसांच्या वर थकले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं, मग सरफेसीची (बँकेला गहाण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस. मिसेसच्या पगारातून जमेल तसं प्रीपेमेंट करा, फ्लोटिंग रेटच्या होम लोनवर त्याचा दंड नाही. तसंही ४८ लाखांच्या घरावर बँक ८० टक्क्यांच्या वर, म्हणजे ३८.४ लाखांच्या वर देणार नाही, आणि ४.९ टक्के स्टॅम्प ड्युटी तुमच्याच खिशातून.

एकट्या मिसेसच्या नावावर घेतलं तर रजिस्ट्रेशन फी वाचते का असं विचारलंत, ते बरोबर आहे. गुजरातमध्ये दस्तावेज एकट्या बाईच्या नावावर असेल तर १ टक्का फी माफ, तुमचं नाव जोडलं की भरावी लागते, म्हणजे ४८ हजारांचा फरक. पण मालकी नसेल तर व्याजाची वजावट तुम्हाला मिळणार नाही, भले हप्ते तुम्ही भरा. तुम्ही इन्कम टॅक्सच्या न्यू रेजीममध्ये असाल तर राहत्या घराच्या व्याजाला तशीही सूट नाही, मग खुशाल त्यांच्या नावावर करा, घर कायद्याने त्यांचंच होईल एवढं लक्षात ठेवून.

बिल्डर टोकनची घाई करतोय म्हणालात. रजिस्टर्ड बानाखत (विक्रीचा करार) झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांच्या वर घ्यायला रेराची (बिल्डरांसाठीचा कायदा) मनाई आहे, आणि पहिला रुपया देण्याआधीच "लोन मंजूर झालं नाही तर टोकन पूर्ण परत" ही ओळ त्याच्या सहीनिशी लिहून घ्या.