आई वळली आणि तिथेच उभी राहिली

शाळा सुरू व्हायच्या सुमारास माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, मूल सात वर्षांचं झालं, कोडिंगचा क्लास लावला नाही तर मागे पडेल का?" एका आईची काळजी मात्र पुढची होती. क्लास लावून झाला होता, फी भरून झाली होती, आणि मुलगी लॅपटॉप उघडला की पोट दुखतंय म्हणून झोपून राहायची. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, काही निघालं नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलीला चिऊ म्हणू या.)

"हिला यात गतीच नाही का हो?" आईंनी विचारलं. चिऊ शेजारीच बसून ऐकत होती. मुलांसमोर असं बोलू नका, हे मी त्यांना नंतर एकटं गाठून सांगितलं.

टेबलावर माझा टॉर्च होता. चिऊने त्याचं झाकण फिरवून काढलं, दोन्ही सेल बाहेर पाडले आणि परत घातले, एक उलटा. दिवा लागेना. तिने चोरून आईकडे पाहिलं. "अगं, उलटा..." आई म्हणणार, तेवढ्यात मी हातानेच थांबवलं. सेल पुन्हा बाहेर. तिसऱ्या खेपेला दिवा लागला, तो तिने थेट माझ्या डोळ्यांवर मारला.

"क्लासमध्ये चुकलं की काय होतं गं?"

"लाल येतं. मग सर सांगतात ते मी टाईप करते."

म्हणजे टॉर्चशी जी झटापट तिने आनंदाने केली, ती क्लासमध्ये तिच्या वाट्याला येतच नव्हती. गतीचा प्रश्नच नव्हता.

सेमूर पॅपर्ट या गणितज्ञाने 1967 मध्ये सहकाऱ्यांसोबत मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. त्यातल्या कासवाला 'पुढे जा', 'वळ' अशा आज्ञा देऊन मुलं चित्रं काढत. पॅपर्ट यांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात सहसा बरोबर येत नाही, म्हणून 'बरोबर की चूक' यापेक्षा 'दुरुस्त कसा करायचा' हा प्रश्न महत्त्वाचा. कासव कसं जाईल हे कळलं नाही, तर मुलांनी स्वतःच कासव होऊन चालून पाहायचं.

मी क्लास थांबवायला सांगितला आणि दोन आठवडे स्क्रीनही बंद. "पण मला कॉम्प्युटरमधलं काही येत नाही, मी काय शिकवणार?" आई म्हणाल्या. म्हटलं, शिकवायचंच नाही. तुम्ही यंत्र व्हायचं. चिऊ सांगेल तेवढंच करायचं, मनाने काही करायचं नाही.

दारापासून फ्रिजपर्यंत जायचं होतं. चिऊने हुकूम सोडला, "चार फरशा पुढे. आता उजवीकडे." आई उजवीकडे वळल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. "अगं आई, चाल ना!" आई ढिम्म. चिऊ चिडली, पाय आपटले. मग आईला बाजूला सारून स्वतः त्या फरशीवर उभी राहिली, उजवीकडे वळली आणि खाली पायांकडे बघत राहिली. फरशी तीच होती.

"आई, वळणं वेगळं आणि चालणं वेगळं!"

आईंनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचाच आवाज जास्त थरथरत होता.

त्यानंतर जुन्या टॅबवर 'स्क्रॅच ज्युनिअर' घेतलं. 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी 2014 मध्ये आलेलं हे मोफत अ‍ॅप. आज्ञांचे ठोकळे चित्रांचे, त्यामुळे वाचता येण्यावाचून अडत नाही. रोज अर्धा तास, आई शेजारी, आणि आईचे हात मांडीवर. चिऊ त्यातल्या मांजराला पुढे पळवायची. ते उजव्या कडेला नाहीसं होऊन डावीकडून परत यायचं. तिने पावलांचे आकडे बदलून बदलून पाहिले. 20 टाकल्यावर मांजर फिरून बरोबर जागेवर आलं. तिने आईकडून पडद्याच्या खालच्या कडेचे चौकोन मोजवून घेतले. वीसच होते. हा आकडा तिला कुणी सांगितला नव्हता.

बाबांची धास्ती मात्र कायम होती, शेजारच्या मुलाने म्हणे अ‍ॅप बनवलं होतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगचे उपक्रम सहावीपासूनच्या टप्प्यात आहेत, हे मी त्यांना दाखवलं. सगळेच क्लास वाईट नसतात, हेही सांगितलं. क्लास संपल्यावर मूल "हे बघ, मी काय केलं" म्हणत येतं की "आजचा धडा झाला" म्हणतं, एवढं बघा.

पुढच्या भेटीला तिघंही आले. चिऊने माझ्या खोलीतच बाबांना दारापाशी उभं केलं. "तीन पावलं पुढे. डावीकडे." बाबा वळले आणि सवयीने चालू लागले.

"बाबा, मी चाल म्हटलं का?" तिने त्यांचा हात धरून पुन्हा दारापाशी नेलं.