ईजीएफआर कोणतं, किडनीचं की गाठीतलं?

औशाहून एका ताईंनी विचारलंय: "अण्णांच्या फुफ्फुसातल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता. 'ईजीएफआर पॉझिटिव्ह' असं आलं. उदगीरच्या काकांना व्हॉट्सॲपवर मराठीत कळवलं, तर ते म्हणाले, 'हे तर किडनीच्या रिपोर्टातबी होतं की!' हे दोन्ही एकच का? 'कायनेज' म्हणजे काय, त्याला मराठी शब्द आहे का? आणि जनुकीय आहे म्हणतात, म्हणजे आम्हा भावंडांनाही होणार का?"

शेवटचा प्रश्न डॉक्टरांचा वाटतो, पण अर्धा शब्दाचाच आहे. त्याकडे येतोच.

काकांचं काही चुकलेलं नाही, घोळ लिपीचा आहे. किडनीच्या रिपोर्टातला पहिला ई स्मॉल असतो. तो 'एस्टिमेटेड'चा, म्हणजे अंदाजाने काढलेला. रक्तातलं क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढ्यावरून मूत्रपिंडं मिनिटाला किती गाळतात याचा हिशेब मांडतात, तो हा आकडा. गाठीच्या रिपोर्टात सगळी अक्षरं कॅपिटल असतात, आणि ते लांबलचक नाव आहे 'एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर'. आपल्या देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसल्यामुळे मराठीत लिहिलं की दोन्ही ईजीएफआर अगदी जुळे दिसतात. ओळखायचं कसं? शेजारी नुसता आकडा असेल आणि पुढे मिली, मिनिट, १.७३ चौरस मीटर असलं काही असेल, तर ते किडनीचं. 'एक्सॉन १९ डिलीशन' (जनुकाच्या एकोणिसाव्या तुकड्यातला थोडा भाग गळालेला) किंवा 'एल८५८आर' असं असेल तर गाठीतलं. एल८५८आर म्हणजे प्रथिनाच्या साखळीत ८५८व्या जागी ल्युसिन हे अमिनो आम्ल हवं होतं, तिथं आर्जिनिन येऊन बसलं. किडनीच्या आकड्याला मी सरळ 'गाळणदर' म्हणतो. घरातल्या घरात तेवढं केलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

आणखी एक गंमत देवनागरीत हरवते. इंग्रजीत जनुकाचं नाव तिरक्या अक्षरांत छापतात आणि त्याच्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचं सरळ. मराठीत 'ईजीएफआर जनुक' आणि 'ईजीएफआर प्रथिन' असं बोलूनच सांगावं लागतं. जनुक सातव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. ते तुमच्या-माझ्यात, सगळ्यांत असतं. म्हणून 'कॅन्सरचं जनुक' हा शब्दप्रयोग मला खटकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, ते असणं हाच रोग. जनुक आहे पेशींच्या वाढीचं. बिघडलं तर कॅन्सरला हातभार लावतं. 'कॅन्सरशी संबंधित जनुक' म्हणायला चार अक्षरं जास्त लागतील, लागू द्या.

आता शब्दशः भाषांतर का करू नये ते बघा. 'बाह्यत्वचा-वृद्धिघटक-ग्राही' असं करता येतं, व्याकरणाने निर्दोष आहे. पण आजार फुफ्फुसाचा आणि नाव कातडीचं! कातडी आली कुठून? स्टॅन्ली कोहेन या शास्त्रज्ञाने उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले आणि दातही लवकर आले. पापणीची त्वचा भराभर वाढवणारा तो घटक म्हणून 'एपिडर्मल'. याच वाटेवरच्या कामासाठी त्यांना १९८६चं नोबेल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत मिळालं. हा घटक पेशीवर ज्या प्रथिनाला येऊन चिकटतो, ते म्हणजे आपलं ईजीएफआर. नाव कातडीवर अडकून राहिलं. असे घडवलेले शब्द टिकतातच असं नाही. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाने (१९१८) वैद्यकही उर्दूतून शिकवलं, भाषांतराचं वेगळं खातं उघडून शब्द पाडले. ती परिभाषा आमच्या आजोबांच्या पिढीबरोबर गेली. तोंडात राहिला तो 'दवाखाना', आणि तो तर पुण्यातही आहे. तेव्हा ईजीएफआरला ईजीएफआरच म्हणा.

'कायनेज'चंही तसंच. यातला ज 'बाजार'मधला म्हणायचा, 'जन'मधला नाही. मूळ ग्रीक क्रियापद 'हलवणे' या अर्थाचं, 'सिनेमा'ही त्याच घरातला. शेवटचं 'एज' शाळेतल्या अमायलेज, लायपेजमध्ये भेटलेलं. अशा पदार्थांना, म्हणजे एन्झाइमांना, पाठ्यपुस्तकात 'विकर' म्हणतात, आणि शब्द छान आहे. पण कॅन्सरच्या रिपोर्टात तो नको. एक काना पडला की विकरचा 'विकार' होतो, आणि फोनवर तर फरक कळतच नाही. "अण्णांच्या गाठीत विकर सापडलं" हे ऐकून काकांनी काय समजावं?

कायनेजचं काम एवढंच: एटीपी नावाच्या रेणूवरचा फॉस्फेट काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर टाचायचा. फॉस्फेट बसला की ते प्रथिन बरेचदा कामाला लागतं. माणसात अशी कायनेजं पाचशेहून जास्त आहेत. ईजीएफआर हे त्यांपैकी 'तायरोसिन कायनेज', कारण फॉस्फेट प्रथिनातल्या तायरोसिन नावाच्या अमिनो आम्लावर टाचतं. (तायरोसिन हे नाव ग्रीक 'चीज'वरून आलं. पहिल्यांदा ते त्यातल्या प्रथिनातून मिळालं होतं.) एरवी बाहेरून वाढीचा निरोप आला तरच हे चालू होतं. एक्सॉन १९ किंवा २१मध्ये तो नेमका बदल झाला की विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटून बसावा तसं होतं, बंद करायला कुणी नाही आणि पाणी चालूच.

हा चिकटलेला स्टार्टर सोडवणाऱ्या गोळ्यांच्या नावांना एकच शेपूट आहे, 'टिनिब': जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब. तायरोसिन कायनेजला अडवणारं औषध एवढं त्या शेपटावरून कळतं. गोळी कोणती, किती दिवस, हे मात्र डॉक्टरच सांगतील.

यावरून 'पॉझिटिव्ह'चं कोडं सुटतं. कोरोनापासून हा शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो. इथं त्याचा अर्थ 'शोधत होतो तो बदल सापडला' एवढाच. सापडला म्हणजे नेमकी त्यावरची गोळी देता येण्याची शक्यता आहे. आजार त्यामुळे लहान होत नाही, पण हातात एक वाट येते. मराठीत 'बदल सापडला' म्हणा, 'पॉझिटिव्ह निघाले' नको.

आता भावंडांचं. आपल्याकडं 'जनुकीय' ऐकलं की 'खानदानी' असंच समजतात, सोयरिकीपर्यंत गोष्ट जाते. वर्तमानपत्रंही दोन्ही शब्द एकाच अर्थाने टाकून देतात. पण जनुकीय म्हणजे जनुकात झालेलं. आनुवंशिक म्हणजे आईबापाकडून आलेलं. दुसऱ्यातलं बरंचसं पहिल्यात येतं, पण पहिल्यातलं सगळं दुसऱ्यात येत नाही. गाठीतला ईजीएफआरचा बदल बहुतेक वेळा अण्णांच्या आयुष्यात, फुफ्फुसाच्या काही पेशींत झालेला असतो. जन्मतः मिळालेला नसतो आणि मुलांकडे जात नाही. बिडी-सिगारेट कधी न ओढलेल्यांत तो जास्त आढळतो, म्हणून "अण्णा तर माळकरी होते" असं आश्चर्यही करू नका. आनुवंशिकतेची शंका असेल तर डॉक्टर वेगळी रक्ततपासणी सुचवतात.

काकांना असं लिहून टाका: "अण्णांच्या गाठीतल्या पेशींमध्ये ईजीएफआर जनुकात बदल सापडला आहे. किडनीचा गाळणदर वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. या बदलावर चालणारी गोळी आहे, डॉक्टर सोमवारी सांगतील. आपल्या घराण्यातून आलेलं नाही असं दिसतं, तेही विचारून घेतो." सोमवारच्या जागी तुमचा वार टाका.