फळ्यावर करून दाखवणं म्हणजे जुनाट शिकवणं का?

तुमचा प्रश्न असा आहे की बीएडच्या सराव पाठात तुम्ही भागाकार सरळ फळ्यावर करून दाखवला, शेरा आला "पाठ शिक्षककेंद्री आहे", आता ही पद्धत खरंच टाकून द्यायची का. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी झेडपी शाळेत आहे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझं म्हणाल तर अजिबात टाकू नका, फक्त ती नीट करा, कारण नीट करणारे फार कमी दिसतात.

मास्तर तासभर बोलतोय आणि पोरं हाताची घडी घालून ऐकताहेत, याची बाजू मी घेत नाही. तसं मीही केलंय, मार्चमध्ये पोर्शन राहिला की सगळेच करतात, सोडा.

पण दुसरी बाजूही भोगलीये. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा जिकडेतिकडे ज्ञानरचनावाद, म्हणजे पोरांनी स्वतःच शोधून शिकायचं, त्यासाठी गाजलेलं साताऱ्याकडचं कुमठे बीट (शाळांचा गट) पाहायला आमच्याकडचे मास्तर गाड्या करून गेले, मीही वर्गाची फरशी रंगवली, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, पोरं गटात बसवली आणि म्हटलं आता तुम्हीच शोधा. वर्ग एकदम जिवंत, फोटो तर असे आले की विचारू नका. आठवड्याने ५२ वजा २७ दिलं तर निम्म्या पाट्यांवर ३५. एकाला विचारलं कसं आलं रे, तर तो बिनधास्त म्हणतो, "सर, दोनातून सात जात नाई, त मंग सातातून दोन काढले." बरोबरच आहे ना त्याचं! त्याने शोधलंच होतं, फक्त चुकीचं शोधलं होतं, आणि मी कोपऱ्यात उभा राहून सुलभक, म्हणजे न शिकवता नुसता मदतनीस, झालो होतो. चूक पद्धतीची कमी आणि माझी जास्त, हे कबूल करतो.

मग दुसऱ्या दिवशी काड्या घेऊन मीच पुढे उभा राहिलो. पाच गठ्ठे, दोन सुट्या. मोठ्याने बोलत गेलो, "मला सात काड्या द्यायच्यात, माझ्याजवळ सुट्या दोनच, मग मी काय करतो, एका गठ्ठ्याचं रबर काढतो, आता सुट्या झाल्या बारा, गठ्ठे उरले चार." काडी हलवली की लगेच फळ्यावर आकडा. अशी दोन गणितं पूर्ण माझी, पोरांनी फक्त पाहायचं. पुढची तीन सगळ्यांनी मिळून, प्रत्येक पायरीला मी विचारणार आणि कोणाचंही नाव घेणार, हात वर केलेल्याचंच नाही. मग पाटीवर एकट्याने. मी म्हटलं "दाखवा" की सगळ्या पाट्या एकदम वर, आणि एका नजरेत कळतं कोण कुठे अडकलं.

"समजलं का" हा प्रश्न मात्र वर्गात विचारूच नका. "होऽऽ सर" असं इतक्या सुरात येतं की आपल्यालाही खरं वाटायला लागतं.

पुस्तकातलं पाहिजे असेल तर बराक रोझेनशाइन या अमेरिकन अभ्यासकाने २०१२ च्या लेखात हेच मांडलंय: रोज सुरुवातीला थोडी उजळणी, नवीन गोष्ट लहान लहान तुकड्यात, करून दाखवणं, भरपूर प्रश्न आणि सरावात साधारण ८० टक्के उत्तरं बरोबर यायला लागली की पुढे. डीएडला आपण जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, घोकतो, त्यातही शेवटची पायरी उपयोजनच आहे, म्हणजे पोराच्या हातात काम देणं. अमेरिकेत १९६८ च्या सुमारास गरीब घरच्या लेकरांसाठी फॉलो थ्रू नावाचा मोठा प्रकल्प झाला, वेगवेगळ्या पद्धती तपासल्या, त्यात वाचन-गणिताच्या पायाभूत कौशल्यांत एंगेलमन आणि बेकर यांची डायरेक्ट इन्स्ट्रक्शन, म्हणजे पायरीपायरीने थेट शिकवण्याची पद्धत, पुढे निघाली. त्या तुलनेवर नंतर टीकाही बरीच झाली, म्हणून ते शेवटचं प्रमाण मानू नका.

माझ्याकडे या पद्धतीचं खरं कारण वेगळंच आहे. दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली की पोरं चार-चार दिवस गायब, काही कोलाम आदिवासींची लेकरं घरी कोलामी बोलतात, ट्यूशन कोणालाच नाही. घरी दाखवणारं कोणी असेल त्याने शाळेत शोधत बसलं तरी चालतं, संध्याकाळी भरून निघतं. माझ्या पोराला जे दिसायचं ते साडेदहा ते पाचमध्येच दिसणार. रोजची पाच मिनिटांची उजळणी असल्यामुळे वेचणीहून आलेलं पोरगं निदान गाडीत चढतं तरी.

सगळीकडे मात्र हे लावू नका. परिसर अभ्यासात मी एकदा फळ्यावर कपाशीचं झाड काढून "ही कळी" म्हटलं, तर चौथीतली पोरगी उठून म्हणते, "कळी नाई सर, पाती मनतात, मंग फूल, मंग बोंड." तिथे मी खडू तिच्या हातात दिला. हाताने काम करत शिकण्याची नई तालीम १९३७ ला आमच्या बाजूच्या वर्ध्यातच मांडली गेली, आणि शेतातलं जे पोरांना येतं त्याला तीच बरी. गणितातही पोरगं तरबेज झालं की दाखवणं बंद करायचं, नाहीतर त्याला उलट कंटाळा येतो.

तर पुढच्या पाठाच्या टाचणात "मी करतो, आपण करू, तुम्ही करा" असे तीन भाग लिहा आणि प्रत्येकासमोर मिनिटं टाका, माझ्याकडे पंधरा मिनिटांत पहिले दोन उरकतात कारण बाजूला दुसरा वर्ग वाट पाहत असतो. निरीक्षकांना वर्गाच्या मागे बसवा, म्हणजे पोरांच्या वर आलेल्या पाट्यांवरच्या चुका त्यांना दिसणारच नाहीत... गंमत केली, पुढेच बसवा. आणि पाट्या आदल्या दिवशी मोजून घ्या, माझ्याकडे एकोणीस पोरांत अकराच निघाल्या होत्या, उरलेल्यांना जुन्या कॅलेंडरची मागची बाजू आणि स्केचपेन दिला होता.